पद्मिनीचा गंज: कापण्याआधी काय, कापल्यावर काय

जीपची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, उरते. प्रीमियर पद्मिनीचं तसं नाही. फ्लोअर, दरवाज्यांखालचे दोन पोकळ डबे, खांब आणि छत मिळूनच ती गाडी उभी असते. दरवाज्याखालच्या या डब्याला गॅरेजमध्ये रनिंग बोर्ड म्हणतात आणि बहुतेक जण त्याला शोभेची पट्टी समजतात. म्हणून दुरुस्तीची सुरुवात ग्राइंडरनं होते, आणि महिन्याभरानं दरवाजे लागेनासे झाले की मग प्रश्न विचारले जातात.

आमच्या १९८२ च्या गाडीवर मीही हे केलं आहे. उत्साहाच्या भरात एकाच रविवारी दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड कापले. संध्याकाळी ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा लावायला गेलो, तर कडी पट्टीच्या बोटभर खाली येत होती. मधून वाकलेली गाडी पुन्हा सरळ करायला पुढचे सहा रविवार गेले. खालचा क्रम त्या सहा रविवारांतून आलेला आहे.

कामाची वेळ आधी ठरवा. दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलअखेर रंगापर्यंत पोहोचायचं. कोकणात किंवा मुंबईत जूनमध्ये उघडा केलेला पत्रा रात्रीत पिवळा पडतो.

१. आधी पाणी शोधा

फ्लोअर कुजलाय म्हणजे खालून पाणी लागलंय, असं सगळे धरून चालतात. पुष्कळदा ते वरून आलेलं असतं: पुढच्या काचेच्या कडक झालेल्या रबरातून, दरवाज्याच्या तळाच्या बुजलेल्या भोकांमुळे, डिकीच्या रबरातून. चटईखालचा तागाचा नमदा ते पाणी पिऊन बसतो. वरून चटई कोरडी लागते आणि खाली पत्रा चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळलेला असतो.

चटई, नमदा, सीट सगळं काढा. आतल्या जोडांवर साधी टॅल्कम पावडर भुरभुरा. एक माणूस बॅटरी घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून होजनं पाणी सोडेल. पाणी खालून वर न्यायचं: आधी दरवाज्यांचा तळ, मग खिडक्या, मग काच, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं. आधीच छतावर पाणी सोडलंत तर ते सगळीकडून ओघळेल आणि काहीच कळणार नाही. पावडरीत जिथे रेघ उमटेल तिथे खडूनं खूण करा आणि फोटो काढा.

तपासा: काचेच्या रबराखालच्या पत्र्याच्या कडेला फुगवटा दिसला, तर काच उतरवावीच लागेल. रबराच्या कडेनं सिलिकॉन भरून हे काम टाळता येत नाही. पाणी आत अडकतं आणि कड आणखी लवकर जाते.

२. टोचून नकाशा बनवा

डोळ्यांना दिसणारा गंज प्रत्यक्षातल्या गंजाचा जेमतेम तिसरा हिस्सा असतो, असं धरून चाला. जुना स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घ्या. चांगला पत्रा टणकन वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. जिथे भद्द वाजेल तिथे टोचा. भोक पडलं तर पडू द्या, ते आधीपासूनच होतं.

या क्रमानं बघा: रनिंग बोर्डचा तळ आणि दोन्ही टोकं, पायांखालचा फ्लोअर, खांब जिथे खाली टेकतात ते कोपरे, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला लटकतात त्या जागा, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ. दरवाज्यांची खालची घडी सगळ्यात शेवटी. स्प्रिंगांच्या जागा दिसायला किरकोळ असतात, पण मागचा सगळा भार तिथेच येतो.

जुन्या दुरुस्त्या ओळखायला लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुटी, म्हणजे खड्डे भरायचा लगदा, आहे. आमच्या मागच्या कमानीतून पुटीचा तळहाताएवढा खपला निघाला आणि त्याच्यामागे वर्तमानपत्राचा घट्ट बोळा. भोकात कागद कोंबायचा, वरून पुटी थापायची, रंग मारायचा. ‘अगदी ओरिजिनल बॉडी’ म्हणून विकलेल्या बऱ्याच गाड्यांत हेच निघतं.

कागदावर गाडीचा खालून, डावीकडून आणि उजवीकडून ढोबळ नकाशा काढा. तीन खुणा पुरेत: पत्रा बदलायचा, फक्त घासायचा, शंका आहे. शंकेच्या जागा नंतर बहुतेक पहिल्या गटात जातात.

३. कापण्याआधी काय उतरवायचं

गाडीची बॅटरी काढा. डायनामो किंवा आल्टरनेटरच्या वायरी सोडवा. पेट्रोलची टाकी आणि तिची नळी पूर्ण उतरवून आवाराबाहेर ठेवा. ‘टाकी रिकामीच आहे’ हे कारण चालणार नाही. भरलेल्या टाकीपेक्षा रिकाम्या टाकीतली वाफ जास्त धोक्याची. ब्रेकच्या नळ्या फ्लोअरखालून जातात, त्या जागी वेल्डिंग येणार असेल तर त्याही सोडवा. तागाचा नमदा, छताचं कापड आणि डांबरी थर वेल्डिंगच्या जागेपासून दूर करा. नमदा ज्योतीशिवाय धुमसतो आणि तासाभरानं पेटतो.

आरसीवरचा चॅसी नंबर बॉडीवर जिथे ठोकलाय ती जागा शोधा, फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घ्या आणि तेवढ्या पत्र्याला हात लावू नका. कापू नका, ग्राइंडरही फिरवू नका. तिथे गंज असेल तर मऊ ब्रशनं साफ करून संरक्षण द्या. नंबर गेला तर गाडी कागदोपत्री संपली.

गाडी ५० वर्षांच्या पुढे गेली असेल आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांखाली ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर घ्यायचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट. त्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा अशी अट आहे. तेव्हा आकार होता तसाच ठेवा. आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसह जपा.

४. टेकू आणि मापं

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. इथे एक रविवार वाचवला की पुढे सहा जातात.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर हवी. जांभ्याच्या अंगणात स्टँड एका बाजूनं रुततो. स्टँड रनिंग बोर्डखाली लावायचे नाहीत, तोच तर कापायचाय. पुढे आणि मागे सस्पेंशनचा भार जिथे येतो त्या मजबूत जागी लावा, म्हणजे गाडी रस्त्यावर उभी असते तशीच उभी राहील. मग दरवाजे लावून बघा. चारही दरवाजे बोटानं ढकलून लागतात का? नसतील, तर गाडी आधीच खचली आहे. टेकू मारण्याआधी जॅकनं मिलीमीटर-मिलीमीटर उचलून फटी सारख्या करा. वाकलेल्या स्थितीत टेकू मारला तर वाक कायमचा होतो.

मापं ही घ्यायची: प्रत्येक दरवाज्याच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत वर आणि खाली, डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत आडवं. डावीकडचं उजवीकडच्याशी ताडून पाहा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक कारखान्यातूनच आलेला असू शकतो, दहाचा नाही. आकडे आतून छतावर मार्करनं लिहा, कागद हरवतो. फटी मोजायला टेप लागत नाही. चार मिलीमीटरच्या ड्रिलची दांडी फटीत सरकवत न्या आणि कुठे अडकते ते टिपा.

टेकूसाठी एक इंची चौकोनी पाइप चांगला. प्रत्येक चौकटीत एक आडवा आणि एक तिरका, आणि दोन मधल्या खांबांच्या मध्ये एक. पाइप आतल्या बाजूनं असा बसवा की दरवाजा लावता आणि काढता येईल. वेल्डिंगचे टाके नंतर गादी किंवा पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागीच घ्या.

तपासा: टेकू मारल्यावर दरवाजे पुन्हा लावा, मापं पुन्हा घ्या. आकडे बदलले असतील तर टाके तोडून परत.

५. कापणं: एक बाजू, मग दुसरी

एका वेळी एकच बाजू. डावी बाजू पूर्ण वेल्ड होऊन दरवाजे तपासून झाल्याशिवाय उजव्या बाजूला ब्लेड लावायचं नाही. एका बाजूतही क्रम आहे: आधी रनिंग बोर्डची आतली भिंत, मग तिला जोडलेला फ्लोअर, मग बाहेरची कातडी, शेवटी कमानी. बाहेरची कातडी आधी बसवली की आतल्या जोडांपर्यंत हातच पोहोचत नाही, आणि आतला कुजका पत्रा तसाच राहून जातो.

गंजाच्या कडेला कापू नका. कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर पुढे, चकचकीत पत्रा लागेपर्यंत जा. कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो. जिथे कारखान्याचे स्पॉट वेल्ड आहेत तिथे ग्राइंडर न वापरता आठ मिलीमीटरच्या ड्रिलनं फक्त वरचा थर भेदा. खालचा पत्रा शाबूत राहतो आणि नवा तुकडा बसायला जागा मिळते.

कापलेला कुजका तुकडा फेकू नका. नव्या तुकड्याचा साचा तोच आहे.

६. तुकडा बनवणं

शक्य असेल तर तयार पॅनल मिळवा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि गावोगावच्या भंगारवाल्यांकडे चौकशी करा. पण भंगारातून कापून आणलेला रनिंग बोर्ड आतून बघूनच घ्या, तोही त्याच पावसात उभा होता.

नाहीतर सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पत्रा. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. फ्लोअरला १८ ते २० गेज, बाहेरच्या कातडीला २० किंवा २२, स्प्रिंगांच्या जागी १६ किंवा त्याहून जाड. आठ बाय चार फुटांची २० गेजची शीट साधारण २१ किलो भरते, रिक्षातून आणायला जाऊ नका. गॅल्व्हनाइज्ड पत्रा ‘गंजत नाही’ म्हणून आणाल तर वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो. त्यानं रात्री थंडी वाजून ताप येतो आणि टाकेही सच्छिद्र होतात.

साचा पुठ्ठ्याचा. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा याच कामी आला: जाड, वाकतो, घडी धरून ठेवतो. पुठ्ठा जागेवर नीट बसेपर्यंत पत्रा कापायचा नाही. लांब सरळ घड्या हातोडीनं लाटेसारख्या वेड्यावाकड्या होतात, त्या बेंडिंग मशिनवरून आणा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी असं सुटं काम करणारे मिळतात.

फ्लोअरवर मूळचे उंचवट्याचे पट्टे असतात. ते शोभेचे नाहीत. सपाट पत्रा टाकलात तर गाडी चालताना फ्लोअर डब्यासारखा वाजेल आणि पायाखाली पक्-पक् करेल. बीडिंग मशीन नसेल तर लाकडात खाच पाडून त्यावर गोल सळई ठोकूनही पट्टा उठवता येतो. वेळखाऊ आहे, पण जमतं.

सावध: जुन्या पत्र्यावर नवा चढवायचा नाही. मिस्त्री म्हणेल, “साहेब, वरनं पत्रा चढवतो, दिसणार पण नाय.” दिसणार नाही हे खरं. दोन पत्र्यांमध्ये पाणी केशाकर्षणानं शिरतं आणि तिथून कधीच वाळत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे जातात.

७. वेल्डिंग

साध्या आर्कच्या रॉडनं २० गेजच्या पत्र्याला भोकंच पडतात. गॅस वेल्डिंग जुन्या डेंटरच्या हातात सुरेख होतं आणि तो टाका नंतर हातोडीनं ठोकताही येतो. पण उष्णता लांबवर पसरते, म्हणून नवशिक्यानं तिकडे जाऊ नये. घरच्या कामाला मिग बरं, ज्याला आपल्याकडे सरसकट सीओटू वेल्डिंग म्हणतात. तार ०.८ मिलीमीटर, मिळाली तर ०.६ अधिक चांगली.

आधी त्याच गेजच्या दोन भंगार तुकड्यांवर सराव. टाका घ्या, एक तुकडा शिकंजात धरा, दुसरा पकडीनं सोलून काढा. टाका सुटून आला तर करंट कमी आहे. टाक्याभोवतीचा पत्रा फाटून भोक पडलं तर टाका पक्का. ही चाचणी जमेपर्यंत गाडीजवळ जायचं नाही.

कडेला कड लावायची असेल तिथे साधारण पत्र्याच्या जाडीएवढी, म्हणजे एक मिलीमीटरची फट ठेवा. दोन्ही बाजूंचा रंग, तेल, गंज बोटभर रुंदीनं काढा, मागच्या बाजूचाही. क्लॅम्पनं पक्कं धरा, दरवाजा लावून बघा, आणि मगच पहिला टाका. पहिले टाके चार कोपऱ्यांवर, मग प्रत्येक दोघांच्या मध्ये एक, मग पुन्हा मध्ये. हात लावून बघा. चटका बसत असेल तर थांबा. लागोपाठ रेघ ओढलीत की पत्रा लाटेसारखा उठतो, आणि ती लाट पुटीनं भरण्याखेरीज इलाज उरत नाही. एका हाताएवढ्या जोडाला अर्धा दिवस लागणं नेहमीचंच.

जिथे पत्र्यावर पत्रा येतो, म्हणजे कारखान्यात स्पॉट वेल्ड होता तिथे, वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिलीमीटरची भोकं पाडून ती भरायची. दोन भोकांत तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. मूळ टाके मोजा, तुमचे त्याहून कमी असता कामा नयेत. मधे लपणाऱ्या दोन्ही पृष्ठांवर वेल्ड करता येणारा झिंक प्रायमर आधी मारा.

सावध: वेल्डिंगआधी पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. आर्कच्या उष्णतेत त्यातून विषारी फॉस्जिन वायू तयार होतो. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. काम थांबवल्यावर निदान अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. जेवायला जाण्याआधीचा शेवटचा टाका सगळ्यात धोक्याचा.

तपासा: प्रत्येक लांब जोडानंतर दरवाजा लावा आणि ड्रिलची दांडी फिरवा. टेकू दोन्ही बाजू पूर्ण झाल्यावरच कापायचे.

टाके घासताना फ्लॅप डिस्क, म्हणजे ग्राइंडरला लागणारी सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती, फक्त टाक्याच्या डोक्यावर टेकवा. आजूबाजूचा पत्रा निळा पडला म्हणजे तो तापला आणि पातळही झाला. घासून झाल्यावर आतून टॉर्च लावून अंधारात बाहेरून बघा. उजेडाचा ठिपका दिसला तिथे पाणी येणार.

८. उरलेला गंज आणि प्रायमर

वायर ब्रशनं गंज चमकतो, निघत नाही. तपकिरी पॉलिश झालेला पत्रा साफ दिसतो आणि फसवतो. खड्ड्यांतल्या काळ्या ठिपक्यांसाठी सँडब्लास्टिंग किंवा फॉस्फोरिक ॲसिडवालं रसायन लागतं. मोठ्या सपाट कातडीवर मात्र जोरात ब्लास्टिंग करून घेऊ नका, बॉनेट आणि छत वाकडं होतं. जुना रंग घासताना साधा रुमाल पुरत नाही, त्यात शिसं असू शकतं. चांगला मास्क लावा आणि पोरांना लांब ठेवा.

ॲसिडची चूक जवळजवळ सगळे करतात: लावतात आणि वाळू देतात. ते ओलं असतानाच घासायचं, बाटलीवर लिहिलंय तसं धुवायचं, लगेच कोरडं करायचं. उरलेल्या ॲसिडवर एपॉक्सी प्रायमर नीट पकडत नाही आणि सहा महिन्यांनी सालपटासारखा निघतो. जोडांच्या फटीत ॲसिड मुळीच नको, तिथून ते धुता येत नाही.

उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. हातानं शिवल्यास पुन्हा पुसा, घामातलं मीठ पुरेसं असतं. दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, दोन हात. नुसत्या रेड ऑक्साइडवर गाडी पावसाळाभर उभी करू नका. तो पाणी आत झिरपू देतो, आणि दसऱ्याला खालून गंजाचे फोड उठलेले दिसतात.

९. जोड, पुटी, रंग

क्रम असा: एपॉक्सी, मग सगळ्या जोडांवर सीम सीलर (फटी बुजवणारा लवचीक थर), मग पुटी, मग सरफेसर (बारीक चरे भरणारा प्रायमर), मग रंग. सीम सीलर उघड्या पत्र्यावर नाही. पुटी दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जाड नाही. त्याहून जास्त लागत असेल तर पत्रा हातोडी आणि डॉलीनं (मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा) आणखी काढायला हवा.

आपल्याकडे पुटीवर पाणी मारून घासायची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. पॉलिएस्टर पुटी स्पंजासारखं पाणी पिते. ती कोरडीच घासा. ओला कागद वापरायचा तो नंतर, रंगावर.

रंगाचं काम चांगल्या पेंटरला द्या. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये फुप्फुसांना घातक आयसोसायनेट असतं, ते घरच्या शेडमध्ये साध्या मास्कवर फवारायची गोष्ट नाही. गाडीचा रंगच बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या.

१०. आतल्या पोकळ्या

रनिंग बोर्ड, खांब, दरवाज्यांची पोटं. इथे रंगाची बंदूक पोहोचत नाही, आणि पुढचा गंज इथूनच सुरू होतो. रंग पूर्ण वाळल्यावर लांब नळीच्या बंदुकीनं पोकळीत मेणाचा थर फवारा. नळी टोकापर्यंत घालून हळूहळू मागे ओढत. तळाच्या भोकांतून थेंब गळायला लागले की पोहोचलं.

जुनं जळकं इंजिन ऑइल मारायची पद्धत कोकणात अजून आहे. फुकट असतं, वास येतो, महिनाभर टपकतं. रबरी बुश त्यानं फुगतात, आणि पुढे कधी वेल्ड करायची वेळ आली तर त्या पत्र्यावर काही धरत नाही.

मेण आणि अंडरकोटिंग झालं की खराट्याचा हीर घेऊन पाणी जायचं प्रत्येक भोक उघडं आहे का बघा, दरवाज्यांच्या तळाचीही. नवा काळा थर मारताना ही भोकं हमखास बुजतात. सगळं नवं केलेली गाडी तीन वर्षांत पुन्हा कुजते ती बहुतेक यामुळेच.

पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत नमदा घालू नका. फ्लोअरवर वर्तमानपत्राची पानं अंथरा आणि वर नुसती रबरी चटई. पाऊस थांबला की चटई उचला. पान कुठे ओलं झालंय त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं. एकही पान ओलं निघालं तर नमदा बाजूलाच राहू द्या, पावडरीचा डबा काढा आणि होज जोडा.